चालकाची झोप

मुलांनो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात कळंब, भूम, परंडा या भागांत एसटीची मुक्कामी गाडी तुम्ही पाहिली असेल. ती रात्री गावात थांबते आणि सकाळी शाळेची मुले घेऊन निघते. अशा गाडीचे चालक आणि वाहक पुष्कळदा गाडीतच सीटवर आडवे होतात. उन्हाळ्यात उकाडा, पावसाळ्यात डास! झोप कशी लागणार?

परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण केले, की वर्गात तुमचे डोळे आपोआप मिटतात. फार तर मी रागावेन. चालकाचे तसे नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तीन सेकंदांत 50 मीटर पुढे जाते. तेवढ्यात समोर दिवा नसलेली उसाची ट्रॉली आली तर?

म्हणून 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने मर्यादा घातली. सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास काम. शिवाय 5 तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती.

अपघात झाला, की लोक आधी चालकाला धरतात. डोळ्यांवर झोप असताना गाडी बाजूला न घेणे ही त्याची चूकच आहे. पण रात्रीची ड्यूटी करून आलेल्या माणसाला सकाळी पुन्हा गाडीवर कोणी पाठवले? आगारात ड्यूटीची नोंद असते. चौकशी करणाऱ्यांनी ते पान सर्वांत आधी उघडावे, असे मला वाटते.