बारा वीसची गाडी : प्रवासाचं अ‍ॅप एकटीनं बनवताना

मी इंदूरला राहते. अकरा वर्षं एका सहल कंपनीच्या कार्यालयात बसून मी लोकांच्या सहली आखून दिल्या. आता तेच काम करणारं एक छोटं मोबाइल अ‍ॅप एकटीनं बनवते आणि चालवते. हे अ‍ॅप कसं बनलं, लोकांपर्यंत कसं गेलं आणि ते आल्यावर दोन महिन्यांनी, एका रविवारी रात्री अकरा वाजता आलेल्या एका फोननं मला काय शिकवलं, ते आज सांगणार आहे.

फोनची गोष्ट शेवटी. ती कळायला आधीचं थोडं माहीत हवं.

चार महिने वाया

कार्यालयात लोक येऊन एकच प्रश्न विचारायचे, "ताई, तीन दिवस आहेत, काय काय बघून होईल?" मी कॅलेंडर, वेळापत्रक आणि पेन्सिल घेऊन बसायचे. पुढे संध्याकाळी दोन-दोन तास काढून प्रोग्रामिंग शिकले. गूगलचं फ्लटर निवडलं, कारण एकदाच लिहिलेला कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतो. एकट्या माणसाला दोनदा लिहायला वेळ कुठून मिळणार?

आणि मग पहिली चूक केली. नकाशा, हॉटेलं, हवामान, खर्चाची वाटणी, फोटो, सगळं एकाच अ‍ॅपमध्ये घालायला गेले. चार महिन्यांनी हातात काय होतं? पाच अर्धवट गोष्टी.

शेवटी लॅपटॉप मिटला. पोस्टकार्डाएवढे कागद कापून त्यावर पेन्सिलीनं स्क्रीन काढले आणि शेजारच्या काकूंसमोर पसरले. म्हटलं, "काकू, हा फोन आहे असं समजा आणि अजिंठा-वेरूळची सहल ठरवा." काकूंनी हवामानाच्या कागदाला हात लावला नाही, खर्चाच्याही नाही. कागद उलटेपालटे करून त्यांनी विचारलं, "अगं, सोमवारी ते उघडं असतं का, हे कुठं लिहिलंय?"

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी तीन प्रश्न वहीत लिहिले. कधी निघायचं? कोणत्या क्रमानं जायचं? कुठं अडकू शकतो? या तिन्हींचं उत्तर न देणारं सगळं काढून टाकलं. तुम्ही एकट्यानं काही बनवणार असाल, तर कागदाची ही चाचणी जरूर करा. कोड बदलायला आठवडा लागतो, कागद बदलायला मिनिट.

क्रम लावायचा म्हणजे काय

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

पाच ठिकाणं असतील तर ती बघायचे क्रम किती? १२०. आठ असतील तर ४०,३२०. दहा झाली की ३६,२८,८००. ठिकाणं वाढली की क्रम असे भराभर वाढतात, आणि त्यातला सर्वांत कमी अंतराचा क्रम शोधणं हा संगणकशास्त्रातला जुना, अवघड प्रश्न आहे. त्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. पण मला ते लागलेच नाहीत, कारण एका दिवसात आठ ठिकाणं बघणारं कुटुंब मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मर्यादा घातली : एका दिवसाला जास्तीत जास्त सात ठिकाणं. सातांचे क्रम होतात ५,०४०. ते सगळेच्या सगळे तपासायला साध्या फोनलाही क्षणभर पुरतो.

खरी अडचण दुसरीकडे होती. कमी अंतराचा क्रम म्हणजे चांगला क्रम, असं मी धरून चालले होते. काकूंचीच सहल घ्या. इंदूरहून खांडवा, बऱ्हाणपूर असं रस्त्यानं गेलं, की आधी अजिंठा लागतं आणि त्याच्या पुढे सुमारे १०० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर. तिथून वेरूळ आणखी ३० किलोमीटर. आता रविवारी निघा. वाटेत मुक्काम केला, तर सरळ हिशेबानं सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ. अंतराच्या दृष्टीनं बिनचूक योजना. फक्त अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी!

म्हणजे संगणकानं मन लावून हिशेब केला आणि दोन्ही दिवस दारातून परत पाठवलं.

उपाय किती सोपा होता बघा. परतीचा रस्ता तोच आहे. रविवारी थेट संभाजीनगर गाठायचं, सोमवारी वेरूळ आणि शेजारचं घृष्णेश्वर करायचं, मंगळवारी घरी येता येता अजिंठा. किलोमीटर जवळजवळ तेवढेच. घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केलेला, त्यामुळे इंदूरकरांना तिथं जरा जास्त वेळ लागतो, तोही धरायचा.

तेव्हापासून अ‍ॅपचा नियम उलटा केला. आधी जे क्रम शक्यच नाहीत ते गाळायचे : बंदचा वार, उघडायची वेळ, शेवटच्या प्रवेशाची वेळ. उरतील त्यातून कमी वेळाचा निवडायचा. अंतर सर्वांत शेवटी बघायचं.

गाडी थांबली म्हणजे पोहोचलो नव्हे

दुसरा धडा वेळेचा. नकाशा सांगतो, इतक्या वाजता पोहोचाल. पण कुठं? अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळ वाहनतळावर ती ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जायचं. बसची वाट, तिकिटाची रांग, मग पायऱ्या. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्याला थांबते. पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीनं जायचं. सोबत आजी असतील तर हा वेळ आणखी वाढतो.

म्हणून प्रत्येक ठिकाणापुढे मी एक जादा रकाना ठेवला : "गाडीतून उतरल्यावर लागणारा वेळ". हे आकडे मला कोणत्याही तयार माहितीसाठ्यात मिळाले नाहीत. कार्यालयातल्या जुन्या वह्यांमधून काढले, चालकांना विचारून पक्के केले. ठिकाणं थोडीच झाली, पण भरवशाची झाली. एकट्यानं काम करताना देशभरची माहिती गोळा करायचा मोह टाळा. जेवढी माहिती तुम्ही स्वतः तपासू शकता, तेवढीच ठेवा. शिवाय प्रत्येक नोंदीखाली ती शेवटची कधी तपासली, त्याची तारीख छापा. माहिती किती जुनी आहे, हे समोरच्याला कळायला हवं.

अ‍ॅपमध्ये नकाशा मी ठेवलाच नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा सर्वांना खुला आहे, पण त्याचे सर्व्हर स्वयंसेवी मदतीवर चालतात आणि तिथून नकाशाचे गठ्ठे उतरवून घ्यायला परवानगी नाही. मग मी ठिकाणावर बोट ठेवलं की फोनमधला नकाशा उघडेल, एवढीच सोय केली. बाकी योजना फोनमध्येच साठवते. घाटात रेंज गेली तरी दिवसभराचं पान समोर राहतं. लोकांची माहिती माझ्याकडे येत नाही, त्यामुळे ती सांभाळण्याची चिंताही नाही.

लोकांपर्यंत नेताना

गूगल प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर. मी आधी अँड्रॉइडच धरलं. पण पैशांपेक्षा अवघड अट वेगळी होती. मी २०२४च्या सुरुवातीला खातं उघडलं, तेव्हा नव्या वैयक्तिक खात्याला किमान २० जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागे. डिसेंबर २०२४मध्ये हा आकडा १२ झाला.

वीस माणसं कुठून आणायची? गणेशोत्सवातल्या ओळखी, माहेरचे, सासरचे. वडोदऱ्याची आत्या, हुबळीचा मावसभाऊ, बंगळुरूची मैत्रीण. सगळ्यांना एकच सांगितलं, "छान आहे असं कळवू नका. कुठं अडलात ते कळवा." आत्यानं पहिल्याच दिवशी फोटो पाठवला. तिनं फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवलेली. माझ्या स्क्रीनवर वरच्या मात्रा कापल्या गेल्या होत्या आणि वेरूळचं "वरूळ" झालं होतं. इंग्रजी अक्षरांच्या मापानं ओळीची उंची ठेवली की देवनागरीचं असं होतं. ती अट मला त्रासाची वाटली होती, पण त्या १४ दिवसांत अशा बऱ्याच चुका सापडल्या.

आणखी एक चूक मात्र नंतर कळली. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी सुरू व्हायचं. तशी आठवण अ‍ॅप द्यायचं. १ नोव्हेंबर २०२४पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. १२० हा आकडा मी कोडमध्ये सात ठिकाणी लिहून ठेवला होता! सहा बदलले, सातवा राहिला. तेव्हापासून बदलू शकणारा प्रत्येक नियम मी कोडबाहेर, एकाच यादीत ठेवते.

तो फोन

आता त्या रविवारकडे येते. अ‍ॅपमध्ये मदतीसाठी मी माझाच नंबर दिला होता. रात्री अकराला फोन वाजला. पलीकडे एक वयस्क गृहस्थ. खांडवा स्टेशनवरून बोलत होते. सोबत पत्नी, पुण्याला नातीच्या बारशाला निघालेले. बारसं सोमवारी संध्याकाळी.

"ताई, आमची गाडी बारा वीसची. इथले म्हणतात, ती काल रात्रीच गेली."

मी त्यांना तिकिटावरची तारीख वाचायला सांगितली. रविवारचीच होती. वेळ ००:२०. म्हणजे शनिवारची रात्र उलटून वीस मिनिटं झाल्यावर. हे दोघं रविवारी रात्री आले होते. पूर्ण चोवीस तास उशिरा.

ते म्हणाले, "तुमच्या अ‍ॅपमध्येही रविवारच लिहिलंय हो. सकाळी आठला त्यानं आठवणही दिली, आज तुमचा प्रवास आहे म्हणून."

मी गप्प झाले. आठवण प्रवासाच्या तारखेला सकाळी आठला द्यायची, असं मीच लिहिलं होतं. म्हणजे गाडी सुटून साडेसात तासांवर वेळ गेल्यावर माझं अ‍ॅप त्यांना शुभ प्रवास म्हणत होतं.

त्या रात्री दुसऱ्या कोणत्याही गाडीत त्यांना आरक्षण मिळालं नाही. साध्या डब्यातून जायचं वय नव्हतं. पहाटे ते घरी परतले. बारसं त्यांनी फोनवर पाहिलं.

माझ्या अ‍ॅपमध्ये चुकीची माहिती एकही नव्हती. तारीख बरोबर, वेळ बरोबर, वार बरोबर. तरी गाडी गेली, कारण आपल्या मनात दिवस पहाटे सुरू होतो आणि घड्याळाचा मध्यरात्री. कार्यालयात असताना मी हे कधी चुकले नव्हते. समोरच्या माणसाला दोनदा म्हणायचे, "काका, शनिवारी जेवून निघायचं बरं का." ते वाक्य मी कोडमध्ये घालायला विसरले होते.

दुसऱ्या दिवशी तो भाग पुन्हा लिहिला. आता मध्यरात्र ते पहाटे चार यांतली गाडी असेल, तर अ‍ॅप तारखेच्या आधी ठळक अक्षरांत लिहितं : "शनिवारी रात्री साडेअकराला स्टेशनवर पोहोचा." खाली गाडीची तारीख आणि वेळ. आणि आठवण शनिवारी सकाळी येते.

जाता जाता

या अ‍ॅपवर माझं घर चालत नाही. दिवसा मी अजून नोकरी करते. पण तुम्ही असं काही एकट्यानं करणार असाल, तर माझ्या अनुभवातून एवढं घ्या. आधी कागदावर काढा. जेवढं तपासता येईल तेवढंच ठेवा. नियम बदलतात हे धरून चला. आणि माहिती बरोबर आहे का, एवढ्यावर थांबू नका. ती वाचून माणूस कुठं चुकेल, तेही बघा. सहल आखणाऱ्या माणसाचं खरं काम ते असतं, आणि अ‍ॅप त्याच्याच जागी बसलेलं आहे.

त्या गृहस्थांना मी माफी मागायला फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या खेपेला आधी मला दाखवा." तेव्हापासून प्रत्येक नवी आवृत्ती सर्वांत आधी त्यांच्याकडे जाते. मागच्या आठवड्यात त्यांनी दोन चुका काढल्या. त्या दुरुस्त करायला आज संध्याकाळी बसणार आहे.