स्कूटर हलकी करायचीय? मागून सुरुवात करा

स्कूटरच्या मागच्या चाकाला इंजिन आणि व्हेरिएटर जोडलेलेच असतात. खड्डा आला की हे सगळं धूड चाकाबरोबर वरखाली होतं आणि एकटा शॉकअप ते सांभाळतो. म्हणून बाजारातले जाड गार्ड, क्रोमच्या पट्ट्या, डिकीतला पसारा आधी काढा. फुकटात दोन-चार किलो जातात. पण चाकाचा वाचलेला किलो याहून मोलाचा. अॅलॉय दिसतात झकास, मात्र सगळेच हलके नसतात. काट्यावर ठेवूनच घ्या.

होंडाने २०२० च्या अॅक्टिव्हा ६जीमध्ये पुढे टेलिस्कोपिक शॉकअप आणि १० ऐवजी १२ इंची चाक दिलं. फरक खड्ड्यात कळतो! जुन्या अॅक्टिव्हाला नुसतं मोठं चाक बसवू नका, पुढची अख्खी जोडणीच वेगळी आहे. शिवाय स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालत असेल तर तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल.

मागे गॅस शॉकअप घ्या, पण लांबी मूळचीच ठेवा. नायट्रोजनच्या दाबाने तेलाला फेस येत नाही, धक्के एकसारखे जिरतात. फार कडक स्प्रिंग मात्र नकोच. एकट्याने चालवताना कंबरडं मोडेल.