हरसूलची जंगले : दर्जा राखीव, निर्णय कोणाचा?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरात जंगल म्हणजे केवळ सहलीचे ठिकाण नव्हे. सरपण, चारा, मोहाची फुले यांसाठी आदिवासी पाड्यांचा रोजचा व्यवहार त्यावर चालतो. याच परिसरातील खोरीपाडा येथे वनविभाग आणि ग्रामस्थांनी मिळून गिधाडांसाठी 'उपाहारगृह' उभारले. मेलेली जनावरे ठराविक जागी ठेवून या पक्ष्यांना सुरक्षित खाद्य पुरवणे, हा त्यामागील हेतू. गिधाडांना घातक ठरलेल्या डायक्लोफिनॅकच्या जनावरांवरील वापरास २००६ मध्ये देशात बंदी आली. पण गावकऱ्यांच्या सहकार्याविना असे प्रयत्न तडीस जात नाहीत.

अशी जंगले राज्याच्या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात आणावीत का, हा प्रश्न नाशिक जिल्ह्याला नवा नाही. २००८ मध्ये बोरगड हे राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र ठरले. २०१७ मध्ये अंजनेरीलाही हा दर्जा मिळाला. एप्रिल २०२२ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिलेल्या १२ नव्या क्षेत्रांपैकी कळवण, मुरागड, इगतपुरी आणि ९६.९७ चौरस किलोमीटरचे त्र्यंबकेश्वर ही चार याच जिल्ह्यातील आहेत.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेला हा दर्जा अभयारण्यापेक्षा सौम्य आहे. तो सरकारी जमिनीला, स्थानिकांशी विचारविनिमय करूनच देता येतो. अभयारण्यातील प्रवेशबंदी येथे लागू होत नाही. आग लावणे, स्फोटके वा घातक रसायने वापरणे यांना मात्र मनाई आहे. केंद्राच्या वन्यजीव अधिवास विकास योजनेतून निधीची वाटही खुली होते.

खरी अडचण अधिकारांची आहे. राखीव क्षेत्रात राहणाऱ्यांवर वणवा विझवण्याचे, गुन्हा रोखण्याचे बंधन कायदा घालतो. व्यवस्थापन समितीत मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीचा एकच प्रतिनिधी असतो आणि समितीचे काम मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देण्यापुरते असते. एका पंचायतीत अनेक पाडे असतील, तर प्रत्येक पाड्याचे म्हणणे तेथवर पोहोचेलच असे नाही.

याउलट २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. हा भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा कायद्यानुसार पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. हे दोन्ही कायदे परस्परांना छेद देणारे नाहीत. प्रश्न क्रमाचा आहे. आधी सामूहिक हक्कांचे दावे निकाली काढून हद्दी ग्रामसभांसमोर ठेवल्या, तर राखीव दर्जा गावांच्या कामाला बळ देईल. आधी फलक आणि मग चर्चा झाली, तर मेलेले जनावर गिधाडांपर्यंत पोहोचवणारे हातच दुरावतील.