चंद्र आधी भिलाईत, मग मुंबईत

संकष्टी चतुर्थीचा दिवस. भिलाईच्या स्मृति नगरातले एक मराठी घर. भिंतीवर मुंबईहून आणलेले कॅलेंडर, त्यात मुंबईचा चंद्रोदय दिला आहे रात्री ९.१५ चा. मोदक तयार आहेत, पण सासूबाई घड्याळावरची नजर हटवायला तयार नाहीत. इतक्यात गच्चीवरून नातू ओरडतो, ‘‘आजी, चंद्र तर केव्हाच वर आलाय!’’

असा प्रसंग भिलाईत कुठल्याही मराठी घरात घडू शकतो. यात कॅलेंडरची चूक नाही आणि नातवाचीही नाही.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भिलाई मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेआठ अंशांवर आहे. त्यामुळे सूर्य असो वा चंद्र, भिलाईत तो साधारण अर्धा तास आधी उगवतो आणि मावळतोही आधीच. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सहाला सूर्यास्त होतो, तेव्हा भिलाईत दिवे लागून अर्धा तास उलटलेला असतो. घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात.

हे घड्याळ एक झाले १ जानेवारी १९०६ पासून. त्याआधी गावोगावची वेळ वेगळी असे, तर रेल्वे मद्रासची वेळ पाळत असे. मग साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची वेळ साऱ्या देशाची ठरली. ही रेषा छत्तीसगडमधूनच जाते, त्यामुळे भिलाईचा सूर्य घड्याळाच्या जेमतेम साडेचार मिनिटे मागे. मुंबईचा तब्बल ३९ मिनिटे! मुंबईकरांना हे मुळीच रुचले नाही. त्यांच्या महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. पाळ्यांवर चालणाऱ्या अशा कारखान्याला सूर्य कुठे आहे याच्याशी काय देणेघेणे? हिवाळ्यात सकाळी सहाच्या पाळीला निघणारा अंधारातच घराबाहेर पडतो.

तिथीची गोष्ट थोडी निराळी. तिथी संपण्याचा क्षण देशभर एकच असतो, सूर्योदय मात्र ज्या त्या गावचा. समजा, डिसेंबरात एखादी तिथी सकाळी ६.४० ला संपली. भिलाईत सूर्य त्याआधीच उगवलेला असतो, मुंबईत अजून उगवायचा असतो. मग सूर्योदयाची तिथी दोन्हीकडे वेगळी येते. एखादा सण माहेरी आज आणि सासरी काल का झाला, याचे उत्तर कधी कधी इथे सापडते.

तेव्हा स्मृति नगरातल्या गृहिणींनी मुंबईच्या चंद्रोदयातून सरळ अर्धा तास वजा करावा. पाच-सात मिनिटे इकडेतिकडे होतील. नेमकी वेळ हवी असेल तर आता मोबाइलवर गावाचे नाव घालूनही ती मिळते. आणि त्या रात्री मुंबईतल्या लेकीला फोन केलात तर ‘चंद्र दिसला का?’ असे लगेच विचारू नका. बिचारी अजून उपाशी असेल.