क्वेडलिनबुर्गच्या राज्यकर्त्या

सम्राट तिसरा ओटो ९९७ साली इटलीच्या मोहिमेवर निघाला तेव्हा तो अवघ्या सतरा वर्षांचा होता. मागे जर्मनीचा कारभार त्याने कोणा सरदाराच्या किंवा बिशपच्या हाती दिला नाही. तो सोपवला आपल्या आत्याकडे. ही आत्या, माटिल्डे, क्वेडलिनबुर्ग इथल्या स्त्रियांच्या मठाची प्रमुख होती. ९९९ साली निधन होईपर्यंत तिने राज्य सांभाळले. मध्ययुगीन मठ म्हटले की उंच भिंती, मौन आणि संसाराचा त्याग एवढेच आपल्या मनात येते. इथे मात्र स्त्रिया राज्य करत होत्या, आणि तेही आठ शतकांहून अधिक काळ.

हार्ट्झ पर्वताच्या पायथ्याशी, क्वेडलिनबुर्गला, वालुकाश्माची एक टेकडी आहे. ९३६ मध्ये जर्मनीचा राजा पहिला हाइनरिख वारला आणि त्याला या टेकडीवर पुरले. त्याच्या आत्म्यासाठी अखंड प्रार्थना व्हावी, ही त्याच्या विधवेची, राणी माटिल्डेची इच्छा. मुलगा पहिला ओटो याने त्याच वर्षी मठाची सनद दिली. राणीने स्वतः प्रमुखपद न घेता तीस वर्षे मठ चालवला आणि ९६६ मध्ये आपल्याच नावाच्या अकरा वर्षांच्या नातीला गादीवर बसवले. वर उल्लेख आला ती आत्या हीच.

इथल्या स्त्रिया उमराव घराण्यांतल्या असत. त्यांना आजन्म व्रताची सक्ती नव्हती. स्वतःची मालमत्ता ठेवता येई, मठ सोडून लग्नही करता येई. प्रमुख मात्र कोणा बिशपच्या ताब्यात नसे. तिच्यावर थेट पोप आणि सम्राट. ९९४ मध्ये बाजार, टांकसाळ आणि जकातीचे हक्क मिळाले. पुढे साम्राज्याच्या सभेतही तिला स्थान होते.

विद्येचा मानही मोठा. कोर्वाय मठाच्या विडुकिंडने सॅक्सन लोकांचा आपला इतिहास तरुण माटिल्डेलाच अर्पण केला. अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली क्वेडलिनबुर्गची बखर बहुधा मठातल्याच एका स्त्रीची. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बाराशेच्या सुमाराचा गालिचा. प्रमुख आग्नेस हिच्या काळात मठातल्या स्त्रियांनी तो लोकरीच्या गाठी मारून विणला. त्यावरचा विषय बायबलमधला नाही! मार्टियानुस कापेला या लॅटिन लेखकाच्या ग्रंथातले मर्क्युरी देव आणि विद्या यांचे लग्न त्यांनी निवडले. लॅटिन ग्रंथ नीट जाणणाऱ्यांचेच हे काम. त्याचे तुकडे आजही शिल्लक आहेत.

ही सत्ता प्रजेला नेहमी सुखाची होती असे मात्र नाही. खालच्या गावातले व्यापारी श्रीमंत झाले, हान्सा व्यापारसंघात गेले आणि मठाला जुमानेनासे झाले. १४७७ मध्ये प्रमुख हेडविगने सॅक्सनीचे राज्यकर्ते असलेल्या आपल्या भावांचे सैन्य बोलावले. गाव पडले, नगरस्वातंत्र्याचे चिन्ह असलेला रोलांडचा पुतळा उलथवला गेला, हान्सातूनही बाहेर पडावे लागले. राजा काय आणि राणी काय, सत्तेची रीत तीच.

धर्मसुधारणेच्या लाटेत, १५४० च्या सुमारास, मठ लुथरपंथी झाला. मोडला मात्र नाही. अठराव्या शतकात फ्रेडरिक द ग्रेटची बहीण, संगीतरचनाकार आना आमालिया, इथली प्रमुख होती. शेवटची प्रमुख स्वीडनची राजकन्या सोफिया आल्बेर्टिना. १८०३ मध्ये धर्मसंस्थांची राज्ये खालसा झाली आणि मठही संपला.

विसाव्या शतकाने या वास्तूची विटंबना केली. १९३६ मध्ये हाइनरिखच्या हजाराव्या पुण्यतिथीला नाझी नेता हिमलर इथे आला आणि पुढे त्याच्या एसएस संघटनेने मठाचे चर्चच बळकावले. १९४५ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने चर्चच्या खजिन्यातल्या बारा वस्तू टेक्सासला पाठवल्या. त्यांतल्या दहा १९९३ मध्ये परतल्या. पुढच्याच वर्षी गाव, किल्ला आणि चर्च यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जर्मनीला जाणाऱ्या वाचकांनी बर्लिन-म्युनिकच्या कार्यक्रमातून क्वेडलिनबुर्गसाठी एक दिवस जरूर काढावा, आणि तो गालिचा बघितल्याशिवाय परत फिरू नये.