अतिमानव आणि पायांखालची जमीन

२०११ सालच्या दिवाळींत ‘रा.वन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अनुभव सिन्हा, नायक शाहरुख खान. संगणकावरील खेळांतला खलपुरुष देह धारण करून बाहेर येतो, आणि त्याच्या पारिपत्यासाठीं त्याच खेळांतला जी.वन हाहि अवतरतो, अशी ही कथा. दृश्यचमत्कृतीसाठीं चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें व तें योग्यच होतें. तरीहि चित्रपट पाहून उठतांना मन रितें राहतें. असें कां व्हावें?

त्यांतील रेल्वेचा प्रसंग घ्या. बेफाम सुटलेल्या लोकलला जी.वन अडवूं पाहतो, आणि अखेर ती मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसची, म्हणजे आमच्या पिढीच्या व्ही. टी.ची, इमारत फोडून बाहेर पडते. आतां थोडें गणित करूं. गाडीचें वजन ५०० टन व वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर, धरा. १०० मीटरांत तिला थांबवावयाची तर सुमारें १०० टन वजनाइतका जोर सतत लावावा लागेल. नायकाचे बाहु तितके बळकट आहेत हें मान्य करूं. तेवढें मानल्यावांचून अशी कथा चालावयाचीच नाहीं. परंतु पायांचें काय? न्यूटनच्या नियमानुसार तितकाच रेटा उलट त्याला बसणार. ८० किलो वजनाच्या माणसाला जमिनीशीं धरून ठेवणारें घर्षण फार तर त्याच्या वजनाच्या आसपास असतें. तो गाडीपुढें घसरत जाईल. मनगटांतील बळाचा येथें उपयोगच नाहीं.

चाकणच्या मोटार-कारखान्यांतील यंत्रमानवाचा हात जड भाग लीलया उचलतो, कारण त्याचा पाया जमिनीशीं बोल्टांनीं जखडलेला असतो. बोल्ट सैल करा, तोच हात पहिल्या हेलकाव्याला आडवा होईल. पिंपरी-चिंचवडच्या ज्या मुलाचा बाप रोज असें यंत्र चालवितो, तो चित्रपट पाहून ‘याचे पाय कां घसरले नाहींत?’ असें विचारतो. ‘अरे, सिनेमा आहे’ म्हणून त्याला गप्प केलें, कीं त्याच्या लेखीं विज्ञान आणि जादू यांत फरक उरत नाहीं. मुलाचा प्रश्न चित्रपटापेक्षां अधिक शास्त्रीय असतो!

अशक्य गोष्ट कथेंत नसावी, असें मात्र मी म्हणत नाहीं. १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटांतला नायक अदृश्य होतो. पण लाल प्रकाशांत तो दिसतो, एवढें एक बंधन घातलें आणि पाळलें, म्हणून लाल रंग दिसतांच आपला जीव खालींवर होतो. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरींतील अदृश्य मनुष्याला तर थंडींत उघडें फिरावें लागतें, कारण कपडे अदृश्य होत नाहींत. ‘रा.वन’मध्येंहि पात्रांची शक्ति ‘हार्ट’ नांवाच्या उपकरणांत सांठविलेली आहे. कल्पना नामी, परंतु तिच्याभोंवतीं कथा गुंफण्याऐवजीं गाणीं व पाठलाग यांत वेळ दवडला आहे. रुळांवर जी.वनचा पाय एकदां जरी घसरला असता, तरी त्या गाडीपुढें उभ्या राहिलेल्या माणसाची आम्हांस काळजी वाटली असती.