जुन्या संगणकांची गोडी

बीड जिल्ह्यांतील नारायणगडासारख्या वारकरी क्षेत्रीं भजनास उभा राहणाऱ्याच्या हातीं टाळ असतात. धातूच्या दोन वाट्या आणि एक दोरी, एवढेंच तें वाद्य. त्यांत झांकलेलें असें कांहींच नसतें. तरी त्यावर हात बसावयास वर्षें लागतात. आज प्रचंड संगणकांवर उपजीविका करणारे कित्येक प्रोग्रामर फावल्या वेळीं चाळीस वर्षांपूर्वींचे टाकाऊ संगणक उकलीत बसतात, ह्याचें पाहणारास नवल वाटतें. पण त्या छंदाचें मर्म टाळांच्या ह्या उघडेपणांतच आहे.

इंग्लंडांत १९८२ सालीं निघालेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा अशा संगणकांचा चांगला नमुना होय. त्याच दशकांत डेसिबेल्स कंपनीनें परवाना घेऊन तो भारतांतही विकला. त्याच्या मोठ्या प्रतीची स्मृति ४९,१५२ बाइटांची; ८ गिगाबाइटांच्या आजच्या फोनांत तिच्या सुमारें पावणेदोन लाख पट जागा असते. परंतु ह्या लहान स्मृतींतील प्रत्येक घराचा क्रमांक माणसास ठाऊक करून घेतां येतो. १६३८४ क्रमांकाच्या घरांत २५५ हा आंकडा ठेवण्याची आज्ञा करावी, कीं पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यांत आठ ठिपक्यांची बारीक रेघ उमटते. कारण द्विमान पद्धतींत २५५ म्हणजे ओळीनें आठ वेळां एक, आणि प्रत्येक एकाचा एक ठिपका. त्याच जागीं १७० ठेवल्यास एकाआड एक असे चार ठिपके उरतात. आजच्या संगणकांत आज्ञा आणि ठिपका यांच्यामध्यें हजारों लोकांनीं लिहिलेल्या आज्ञावलींचे थर असतात. ते सर्व जाणणारा एकही मनुष्य नाहीं.

दुसरें सुख बंधनाचें आहे. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत दोनच रंग बसत. तेवढ्यांत चित्र रंगवावयाचें, तेवढ्याच स्मृतींत खेळ बसवावयाचा, म्हणजे बुद्धीला काटकसर करावी लागते. वृत्तांत लिहिणाऱ्या कवीस हें सुख परिचयाचें आहे.

केवळ करमणूक म्हणून हा विषय सोडून देतां येत नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला व १९६० सालीं कामास लागला. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते. तो पुरा होईतों परदेशांत ट्रान्झिस्टरांचे संगणक निघाले होते. म्हणजे जन्मतःच तो जुना ठरला. १९६४ सालीं त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हा परदेशी संगणक आला. तरी टिफ्रॅकचे श्रम फुकट गेले नाहींत. संगणक मुळापासून कसा घडतो, हें तो बांधणाऱ्यांच्या हाताखालून गेलें होतें. विकत आणलेल्या यंत्राबरोबर ही विद्या येत नाहीं.

जुन्या यंत्रांचें फाजील कौतुकही नको. त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत, आज्ञावलींच्या कॅसेटी खराब होत आहेत, आणि पेढीचा आजचा व्यवहार त्यांवर चालणें शक्य नाहीं. पण पगार, आगगाडीचें तिकीट, रुग्णालयांतील नोंद, सारेंच ज्यांवर अवलंबून आहे, त्या संगणकांच्या पोटांत काय चालतें हें जाणणारे विरळ झाले, तर बिघाड झाल्यावर दुरुस्तीस कोणाला बोलवावयाचें? जाणतेपणाचा पहिला धडा लहान यंत्रावरच सुलभपणें गिरवितां येतो.

त्यासाठीं जुनें यंत्र मिळविण्याचीही गरज उरलेली नाहीं. त्याचें वर्तन हुबेहूब वठविणाऱ्या आज्ञावली आजच्या साध्या संगणकावर विनामूल्य चालतात. त्यामुळें नारायणगडच्या विद्यार्थ्यासही ती वाट मोकळी आहे. घरांत संगणकाची आवड असलेला मुलगा वा मुलगी असेल, तर त्यांस एकदां त्या घरांत २५५ हा आंकडा ठेवूं द्यावा, आणि रेघ कां उमटली हें त्यांच्याकडूनच समजून घ्यावें.